चतकोर भाकर

हे गेले तेव्हा कुत्रा चांगला जेवत होता. तेरवीपर्यंत घरात पाहुण्यांचा राबता होता, मागच्या अंगणात दिवसभर पंगती उठत होत्या अन् तो तिथंच एका कोपऱ्यात पडून असायचा. मग पाहुणे आपापल्या गावी गेले. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळे जठारपेठेतल्या त्या तीन खोल्यांत मी अन् तो असे दोघंच उरलो. त्याच दिवसापासून त्यानं भांड्याला तोंड लावणं सोडलं.

मी म्हटलं, त्यालाही दुःख आहे, दोन दिवसांत येईल ताळ्यावर. तिसऱ्या दिवशी म्हटलं, नखरे आहेत.

मी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढली. न जेवणाऱ्याला जेववायचं मला कोणी शिकवायला नको. "मुकाट्यानं दोन घास घ्या, नाही त नाकात नळी टाकते," असा दम मी भल्याभल्यांना दिलेला आहे. पण या पेशंटपुढं माझं काही चालेना. दूध-पोळी दिली, हुंगून निघून गेला. अंडं उकडून दिलं. दहीभात कालवला. शेजारच्या भाभींना कळलं तशा त्या मटणाची हाडं घेऊन आल्या. "खाएगा, आप देखना," म्हणाल्या. आम्ही दोघी बायका दारात उभ्या राहून पाहत होतो. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, शेपटी हलत होती, पण तो भांड्याकडं पाहायचा, मग माझ्याकडं पाहायचा, अन् बसून राहायचा.

"अरे नवाबा, पाहिजे तरी काय तुले?" मी ओरडले. भाभी बिचाऱ्या डबा घेऊन गपचूप निघून गेल्या.

जनावरांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त तपासलं, दोष काही निघाला नाही. "लाड बंद करा मॅडम. पंधरा मिनिटं भांडं ठेवा, नाही खाल्लं तर उचलून घ्या. भूक लागली की झक मारत खाईल." मी घड्याळ लावून तेही केलं. दोन-तीन दिवसांतून एकदा, अगदीच राहवलं नाही की थोडं चाटायचा, बाकी नाही. महिन्याभरात त्याच्या बरगड्या हातानं मोजता येऊ लागल्या.

मग मात्र मी भ्याले. शेवटचे चार दिवस हेही असंच करायचे, वाटी पुढं केली की मान फिरवायचे. मी नर्स असून मला यांना जेववता आलं नव्हतं. आता हाही गेला तर यांची चाहूल ओळखणारं, यांच्या चपला हुंगणारं या घरात माझ्याशिवाय कोणी उरणार नव्हतं. मी त्याच्यासमोर बसून हात जोडले, खरंच जोडले. तो नुसता पाहत राहिला.

माझं स्वतःचं काय, चहा-टोस्टवर भागून जायचं. ओट्यापाशी उभ्यानंच घ्यायचा. फोनवर कोणी विचारलं, "जेवल्या का?" तर "जेवले ना," म्हणायचं. ज्वारीचं पीठ डब्यात पडून पडून कडू व्हायला आलं होतं.

अशात माझी नणंद अंजनगाव सुर्जीहून दोन दिवसांसाठी आली. ती माझ्याहून लहान, यांची लाडकी. तिच्यासाठी मी ताजं पीठ दळून आणलं, भाकरी थापल्या, वांग्याची भाजी केली, ठेचा वाटला. मी तव्यापाशी होते, ती मागच्या अंगणात हवेशीर म्हणून ताट घेऊन बसली. जेवण संपत आलं अन् तिचा फोन वाजला. ती बोलत बोलत उठून गेली. मी बाहेर येऊन पाहते तर ताटात चतकोर भाकर तशीच.

माझं डोकंच फिरलं. कारण तो चतकोर माझ्या ओळखीचा होता. शेवटची सात-आठ वर्षं हे रोज, अगदी रोज, ताटात चतकोर भाकर ठेवायचे. "पोट भरलं," म्हणायचे. मी आतून ओरडायची, "एवढीशी काहून टाकता? माझ्या हातची गोड लागत नसन त तसं सांगा!" हे हसायचे, आपलं ताट अन् कुत्र्याचं भांडं उचलून मागच्या अंगणात जायचे अन् दोन्ही घासूनच आणायचे. ताट घासणारा नवरा म्हणून मी चारचौघींत मिरवायची. पण मनातून धरून चालले होते की वय झालं तशी माझ्या हाताची चव गेली. त्या चतकोरावरून आम्ही किती वेळा अबोला धरला असेल!

"तुमच्या घराण्यालेच अन्न टाकायची सवय आहे," असं नणंदेला सुनवायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात कुत्रा कोपऱ्यातून उठला, ताटापाशी आला अन् ती भाकर, भाजीचा रस्सा, सगळं चाटूनपुसून खाल्लं. मी "हाड्!" म्हणून ओरडले.

नणंद धावत आली. म्हणाली, "खाऊ द्या ना वयनी, काहून हाकलता? बाबांच्या पानमळ्यातला कुत्राबी असाच होता. राखणीच्या कुत्र्याले बाबा आधी आपण खाऊन दाखवत, मंगच आपल्या ताटातलं त्याच्यापुढं ठेवत. माणसानं खाल्ल्याबगर तो कशाले तोंडच नाई लावे. नाई त चोरानं विष घातलेलं खाऊन मरते ना तो! दादानं यालेबी तेच शिकवलं असन."

मी अंगणातच खाली बसले. कुत्रा घरात आला त्या पहिल्या दिवशीच मी यांना बजावलं होतं, माणसाच्या ताटातलं कुत्र्याला द्यायचं नाही, रोगराई होते, त्याचं भांडं वेगळं पाहिजे. यांनी वाद घातला नाही. रोज माझ्या नजरेआड भांड्यातलं आपल्या ताटात कालवून, वर तो चतकोर कुस्करून त्याला घालत राहिले, अन् वर रोज माझी बोलणी खात राहिले. एका शब्दानं सांगितलं असतं तर! पण सांगितलं असतं तर मी बंद केलं असतं, हेही खरंच आहे.

"पण मले एक सांगा वयनी," नणंद म्हणाली, "हे आतापर्यंत तुमच्या ध्यानात कसं नाई आलं? तुमच्या ताटात काही उरतच नसन का? तुमी जेवता ना?"

"जेवते ना," मी म्हटलं.

तिनं कुत्र्याच्या बरगड्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "याच्याकडं पाहून त वाटत नाई," एवढंच बोलली अन् पदरानं डोळे पुसत आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं ती गेली. घर पुन्हा रिकामं झालं. दुपारी मी तवा ठेवला, एक भाकर थापली, फोडणीचं वरण केलं. फळीवरून यांचं ताट काढलं. मागच्या अंगणात हे ताट घासायला बसायचे तिथं बसले. कुत्रा समोर येऊन बसला. पहिला घास पाण्यासोबत ढकलला. तो माझ्या हाताकडं टक लावून पाहत होता, त्यामुळे दुसरा घ्यावा लागला, मग तिसरा. रडत रडत का होईना, किती तरी दिवसांनी मी बसून जेवले.

चतकोर उरला तेव्हा हात थांबवला. वरण त्यावर ओतून कुस्करलं. "पोट भरलं," असं मोठ्यानं म्हटलं, अन् म्हटल्यावर सवयीनं स्वयंपाकघराकडं कान देऊन बसले. आतून कोणी ओरडलं नाही. मग ताट पुढं सरकवलं अन् तो खायला लागला.