आईच्या हातावर काहीच उठलं नाही

माझ्या आईची ॲलर्जीची तपासणी मी एकट्याने, कुणाचीही मदत न घेता, वाया घालवली.

चाकणजवळच्या आमच्या गावात बारशाच्या जेवणात आईचे ओठ सुजले, घसा आवळला. दवाखान्यात पोचेपर्यंत निळी पडली होती. वाचली, पण नेमकं काय बाधलं ते कळेना. तेव्हापासून ती भीतीने नुसता ताकभात खायची, आणि रोज ॲलर्जीची गोळी घेऊनही अंगावर गांधी उठायच्या त्या उठायच्याच. शेवटी मी तिला पुनावळ्याला माझ्याकडे आणलं.

वाकडच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हातावर टोचून बघू. पण आधी सात दिवस ॲलर्जीची गोळी बंद. नाहीतर काही उठणारच नाही."

मी कंपनीत क्वालिटीला आहे. गोळ्या थेट कपाटात, कुलपात. आई खाजवून रडकुंडीला आली.

"लेका, अर्धी तरी दे."

"नाही."

"दया न्हाई येत व्हय तुला?"

येत होती. (पण प्रोसिजर म्हणजे प्रोसिजर.)

आठव्या दिवशी निघताना आठवलं, आईला गाडी लागते. गाडी नवी, सीटचं प्लास्टिक मी आदल्याच आठवड्यात काढलेलं. कोपऱ्यावरून उलटीची गोळी आणली आणि दिली.

डॉक्टरीणबाईंनी हातावर ओळीने एकेका पदार्थाचा थेंब ठेवून टोचलं. पंधरा मिनिटं झाली. हात सपाट.

"म्हणजे कशाचीच ॲलर्जी नाही," मी खुशीत म्हणालो.

"हा शेवटचा थेंब कुणाच्याही हातावर फुगतो. तोही फुगला नाही. आज काही दिलंत यांना?"

"छे. गाडी लागू नये म्हणून एक गोळी, बस."

"ती ॲलर्जीच्या गोळीच्याच जातीची. फक्त नाव वेगळं."

आईने पदराने हात पुसला. "म्हंजी पुन्यांदा सात दिस?"

ते सात दिवस मी ओल्या फडक्याने तिची पाठ पुसत होतो. दुसऱ्यांदा गोळीशिवाय नेलं. हायवेवरच ती ओकली, सीटवर. मी तेच फडकं काढून सीट पुसली.

या वेळी तिळाच्या थेंबाखाली टम्म गांध उठली. बारशातली चटणी!

कायम जवळ ठेवायला डॉक्टरीणबाई कार्ड लिहू लागल्या. "तीळ. आणखी कशाचा त्रास, आजी?"

"लिव्हा की, पोराच्या हातच्या औषदाचा."

त्यांनी लिहिलं नाही. पण पेन कागदाला टेकलं होतं, हे मी पाहिलं.