गाडी बांधणारा होडीवाला

फोंडाघाट गावात एका जुन्या ट्रकच्या सांगाड्यावर प्रवासी गाडी बांधत होते. ॲल्युमिनियमचे पत्रे रिबिटांनी ठोकणारा माणूस मालवणचा, जन्मभर होड्या बांधलेला. मला तो आधी चेंगटच वाटला. रिबिट ठोकली की पत्र्याला कान लावून टिचकी मारायचा. आवाज पोकळ आला की रिबिट छिणीने उडवून दुसरी ठोकायचा.

गाडीचा मालक वैतागला, “गाडी आसा रे ही, होडी नाय!”

“होडी फुटली तर पोवान भायर येवक गावता,” तो हातोडा न थांबवता म्हणाला. “घाटात खंय पोवतलात?”

पुढे ऐन पावसात त्याच गाडीने मी घाट चढलो. वळणावळणावर लोक देवाचं नाव घेत होते. मी पत्र्याला कान लावून टिचकी मारली आणि खुशाल डोळे मिटले.