सासूबाईंची कढई

आमच्या शेजारच्या भाऊजींना अख्खी गल्ली 'वजनदार' म्हणते. अंगावर मूठभर मांस नाही, वारा सुटला की बायको त्यांना आत बोलावते. पण मासेमारीची जाळी नीट बुडावीत म्हणून त्यांना बांधायच्या शिशाच्या गोळ्या ते बनवतात, तेव्हा वजनदार. जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं मागच्या शेडमध्ये कढईत वितळवायचं, साच्यात ओतायचं, थंड झालं की कडा कानशीनं घासायच्या. चाळीस वर्षं हाच धंदा. मी त्यांना भाऊजी म्हणते, ते मला बातमीपत्र म्हणतात. राग कुणालाच येत नाही.

माणसाला शौक दोनच. पलीकडच्या रंगाच्या कारखान्याला शिव्या घालणं आणि समुद्रावरून येणाऱ्या पांढऱ्या कुरव पक्ष्यांना शेडच्या दारात मासे घालणं. त्यातल्या एका लंगड्या मादीचं नाव त्यांनी 'सासूबाई' ठेवलं होतं.

"न सांगता येते, सगळ्यांच्या आधी जेवते, आणि वर कुरकुर करते. दुसरं काय नाव ठेवू?"

"माझ्या आईला या घरात कधी कुणी एवढं विचारलं नाही," वहिनी आतून ऐकवायच्या.

गेल्या वर्षापासून मात्र पक्ष्यांचं काहीतरी बिनसलं. पंख लोंबायला लागले, विष्ठा हिरवी पडायला लागली. उडायला जावं आणि भिंतीवरून धपकन खाली यावं. वाळूत एखाद-दुसरा मरून पडलेला दिसायचाच. भाऊजींचा निकाल तयार होता: कारखान्याचं विष! मी तो गल्लीभर घरपोच केला, एक पैसा न घेता. चौकशी व्हावी म्हणून त्यांनी तीन अर्ज पाठवले. तेही मीच लिहून दिले, त्यांच्या शिव्या गाळून.

मग एका सकाळी सासूबाई उडेना. भाऊजींनी तिला उचलून शेडमध्ये आणलं. भट्टीशेजारी ऊब असते ना! खोक्यात गोणपाट अंथरलं, मासे मिठाच्या पाण्यात कुस्करले. वहिनींनी घरातलं भांडं द्यायला साफ नकार दिला, तेव्हा त्यांनी शिसं वितळवायची जुनी कढई काढली.

"गंजत नाही, कलंडत नाही. मानाचं ताट आहे हे!"

"भाऊजी, खऱ्या सासूची एवढी सेवा केली असतीत तर सासरची जमीन तुमच्या नावावर झाली असती."

ते हसले आणि बशीतला चहा त्यांच्या लेंग्यावर सांडला. हात थरथरत होते.

"नव्या नवरीसारखे थरथरता काय?" मी म्हटलं. जिभेला हाड नाही माझ्या.

सासूबाई दोन दिवस खात होती, मग मान टाकायला लागली. भाऊजींनी मासे वाढवले. भट्टी दुपारीही पेटती ठेवली. वहिनींनी हाक मारली तरी जेवायला येईनात.

अर्जांचा उपयोग झाला म्हणायचा. पक्ष्यांची एक डॉक्टरीणबाई आली. तिनं किनाऱ्यावरचे मेलेले पक्षी नेले, सासूबाईचं रक्त घेतलं. आठवड्यानं ती परत आली, तेव्हा भाऊजी इस्त्रीचा सदरा घालून शेडमध्येच बसले होते. कारखान्याची नाचक्की ऐकायला मीही गेले होते. असल्या वेळी मी मागे राहत नाही.

"कारखान्याच्या पाण्यात दोष आहेत, ते मी कळवलंय," ती म्हणाली. "पण या पक्ष्यांना शिसं बाधलंय. खाणं टिपताना ते जमिनीवरचे खडेही गिळतात. मेलेल्या तिघांच्या पोटात घासलेल्या शिशाचे तुकडे मिळाले."

बोलता बोलता तिची नजर दाराबाहेरच्या जमिनीवर गेली. तिथं कानशीचा चुरा चमचमत होता. मग ती कढईकडे बघत राहिली. मला पहिल्यांदाच वाटलं, आपण इथं नसतो तर बरं झालं असतं.

"तुमचंही रक्त तपासून घ्या, काका."

"माझं राहू दे. ही वाचेल का?"

"नेते मी. प्रयत्न करू."

तिसऱ्या दिवशी फोन आला, सासूबाई गेली. भाऊजी नुसतं "बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून भट्टी पेटलेली नाही. रक्तात सापडायचं ते सापडलं, औषधं चालू आहेत, हात अजून थरथरतो. शेडमधला चुरा त्यांनी खरवडून दोन डब्यांत भरलाय, वर कढई पालथी घातलीय.

"हे टाकू कुठं?" त्यांनी मला विचारलं. "जाळी फाटली की गोळ्या तळाला जातात. माझं चाळीस वर्षांचं काम तिथंच पडलंय. आता हेही तिथंच नेऊ?"

मी घसरलेली कढई डब्यांवर नीट बसवली.

पक्ष्यांनी चुरा मुरलेल्या त्या शेडपुढच्या अंगणात उतरू नये म्हणून भाऊजी आता सकाळपासून काठी घेऊन बसतात. गल्ली म्हणते, म्हातारा निष्ठुर झाला. काल झाडू घेऊन मीही कुंपणापाशी उभी राहिले. हाकललेले पक्षी दोन हात लांब जाऊन पुन्हा ओळीनं भिंतीवर बसत होते.

"जात नाहीत हो," भाऊजी म्हणाले. "त्यांना वाटतंय, आज जेवायला उशीर झालाय."