इकिगाई बघता बघता चाफा उमलला

मंडळी, आज पार थकलोय, तरी लिहितो.

वसईच्या होळी भागात एका काकींच्या वाडीत मी आठवडाभर सोनचाफा तोडायला जातोय. आधीची तीन कामं मध्येच सोडली, हे तरी टिकवायचंय. कळी पूर्ण उमलायच्या आत तोडावी लागते, नाहीतर बाजारात कोणी घेत नाही.

आज पहाटे वेळेत पोचलो. शिडी लावली आणि पाच मिनिटं म्हणून फोन उघडला. जपानी इकिगाईवर व्हिडिओ होता, म्हणजे सकाळी उठायचं कारण कसं शोधायचं. एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. मान वर केली तर ऊन आलेलं आणि अर्धं झाड फुललेलं.

काकी आल्या. मी म्हटलं, "सॉरी काकी, उठायचं कारण शोधत होतो."

"अरे बाबा, उठून तर आलेलास! मग शोधत काय बसलास?"

काम गेलंच म्हणून चपला घालायला लागलो. त्यांनी ओंजळभर उमललेली फुलं हातात दिली. "ही घरी ने. झाड उद्या परत कळ्या देईल. तू येशील ना?"

आता खोलीभर चाफ्याचा वास आहे. गजर लावलाय. इकिगाई काही सापडलेलं नाही.

तुमच्यापैकी कोणी कारण न सापडताच रोज उठतं का? कसं जमतं, सांगा.