दानेश्वरी आणि लाल ठिपके

आज आठवा दिवस. माझ्या लेकीनं, दानेश्वरीनं, आठ दिवसांत कॉम्प्युटर एकदाही सुरू केलेला नाही. जेवते, झोपते, तिच्या अप्पांच्या स्टेशनरीच्या दुकानात जाऊन वह्यांचे गठ्ठे लावते. विचारलं तर "काही नाही गं अव्वा" एवढंच. सत्तावीस वर्षांच्या मुलीच्या आईला काळज्यांची कमतरता नसते. लग्नाची, चष्म्याच्या वाढत्या नंबरची, जेवण टाळून बसण्याची. त्या अंगवळणी पडल्या आहेत. ही मात्र डोक्यातून जात नाही: पोरगी हे काम कायमचं सोडते की काय? आज दुपारी ती होटगी रोडवरच्या एका कुरिअर ऑफिसात मुलाखतीला जाऊन आली. सोमवारपासून ये म्हणालेत.

तिचं काम लोकांना समजावून सांगणं अवघड. बघायला आलेल्या पाहुण्यांनी "मुलगी काय करते?" असं विचारलं की हे गंभीर चेहऱ्यानं सांगतात, "फोटो पुसते." मग चहा येईपर्यंत पाहुणे भिंतीवरचं कॅलेंडर बघतात.

कमी उजेडात काढलेल्या फोटोवर वाळू भुरभुरल्यासारखे ठिपके येतात. त्यांना नॉइज म्हणतात. ते घालवायचं सॉफ्टवेअर असतं. त्यातला स्लायडर उजवीकडे सरकवला की ठिपके विरत जातात. शहाणी माणसं तो थोडासाच सरकवतात. दानेश्वरी टोकाला नेते.

याची सुरुवात पाच वर्षांपूर्वीची. तेव्हा ती एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम करायची. एकदा कंटाळ्यात तिचा माउस सुटला आणि स्लायडर शेवटाला गेला. हळदीच्या फोटोतल्या बायका कुणीतरी ओल्या रंगात काढल्यासारख्या दिसू लागल्या. त्या दिवशी ती घरी पळतच आली आणि तिनं पहिला प्रयोग वडिलांवर केला. गल्ल्यापाशी पेंगतानाचा फोटो होता.

ह्यांनी चष्मा वर-खाली केला. "छान आहे. पण माझी मिशी कुठं गेली?"

"अप्पा, ती विरघळली."

"विरघळायला काय साखर आहे का? तीस वर्षं जोपासली आहे."

मला मात्र चैन पडेना. ठिपके काढून टाकले तर फोटो स्वच्छ व्हावा, त्याचं चित्र का होतं? दानेश्वरी म्हणाली, "त्याला वाटतं, जे जे बारीक ते सगळं कचरा. मोठे आकार तेवढे ठेवतो. चित्रकार तरी दुसरं काय करतो?" मी बी.एस्सी. झाले वनस्पतीशास्त्र घेऊन. कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पेशी कोणती आणि हवेचा बुडबुडा कोणता, हे ओळखण्यात आमचं पहिलं वर्ष गेलं. एकदा मी बुडबुड्याची सुबक आकृती काढून तिला पेशी असं नाव दिलं होतं. सरांनी हसून वही परत केली. म्हणून तिचं बोलणं मला लगेच पटलं.

पुढं तिनं स्टुडिओ सोडला आणि बाळीवेशीतल्या आमच्या घरातच काम सुरू केलं. डोळे आणि हातांची बोटं मूळ फोटोतून ब्रशनं परत आणायची आणि बाकी सगळं विरू द्यायचं, ही तिची रीत. लोक एकमेकांकडून ऐकून येऊ लागले.

तशाच गेल्या महिन्यात केम गावाहून गिरिजाबाई आल्या. पंचेचाळिशीच्या, उन्हानं रापलेल्या, हातात मोबाईल घट्ट धरलेला.

"पोरी, आईचा ह्यो एवढाच फोटो हाय बघ. चिमाबाई नाव तिचं. कामावर कुनीतरी काढलेला. जाऊन वरीस हुतंय, वर्षश्राद्धाला मांडायचाय. भाच्याच्या लग्नातला तू केलेला फोटो बघितला, तसा कर की."

फोटो अंधाऱ्या शेडमधला, जुन्या फोनवर काढलेला. बाई खाली बसलेली, मान किंचित वर केलेली. चेहरा सुंदर होता, पण त्यावर लाल ठिपके पसरले होते.

दानेश्वरी म्हणाली, "लाल जरा जास्तच आहे. फोन फारच जुना असणार."

मी मागं उभी होते. मीच म्हटलं, "तो लाल कचरा आधी काढ बाई. गोवर उठल्यासारखं दिसतंय."

ती हसली. रंगीत ठिपक्यांसाठी वेगळा स्लायडर असतो. तो तिनं टोकाला नेऊन ठेवला.

तीन दिवस खपून तिनं जे केलं ते मी अजून विसरलेले नाही. काळोखातून वर आलेला शांत, सावळा चेहरा, पाण्यात धुतल्यासारखा. यापेक्षा चांगलं काम तिच्या हातून झालं नव्हतं, असं तिलाही वाटत होतं. फ्रेम तिनं स्वतः निवडली.

गेल्या बुधवारी गिरिजाबाई ती न्यायला आल्या. पदरानं काच पुसून बराच वेळ बघत राहिल्या.

"लई देखनी झालीय की." मग थांबून, "पन हिचं कुकू कुटं गेलं?"

"मावशी, त्यांच्या कपाळावर नव्हतंच."

"कपाळावरचं न्हाय म्हनत. बाप मेला तवा मी पाळन्यात हुते. कपाळाला परत कदी लावलं न्हाय तिनं. पन कुकवाच्या कारखान्यात पस्तीस वर्सं पुड्या भरल्या. भुवया लाल, कानाच्या पाळ्या लाल, नखं लाल. आंगुळ केली तरी उशीला लाल लागायचं. बाया चिडवायच्या, चिमे, सगळ्या गावाचं कुकू तुज्याच अंगावर."

मी काचेतल्या त्या स्वच्छ कानांकडं बघितलं.

"ही कुनीतरी शिकलेली बाई दिसती. चांगली हाय. पन माजी आई न्हाय ही." त्यांनी फ्रेम टेबलावर ठेवली. आवाज चढवला नाही. "असू दे तुज्यापाशी. मला पॅसिंजर गाठायचीय."

केमचं कुंकू आमच्या देव्हाऱ्यात आहे, माझ्या करंड्यातही आहे. लग्न झाल्यापासून रोज बोटावर घेते. ते पुड्यांत कोण भरतं, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं. कॅमेऱ्याची घाण आणि बाईच्या आयुष्याचा रंग आम्ही एकाच फटक्यात पुसला होता. त्या संध्याकाळपासून दानेश्वरी कॉम्प्युटरपाशी गेलेली नाही.

आज ती मुलाखतीला गेल्यावर मी तो सुरू केला. तिच्या वस्तूंना मी सहसा हात लावत नाही. मूळ फोटो जागेवर होता. मी तो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि बघत बसले. कुकरच्या शिट्ट्यांकडंही लक्ष राहिलं नाही.

मागच्या भिंतीवरचे ठिपके लाल होते, पण त्यांच्या शेजारी हिरवे आणि निळेही होते, सगळे सारख्याच प्रमाणात विखुरलेले. कानाजवळ तसं नव्हतं. तिथं नुसता लाल होता आणि तो पाळीच्या वळणानं उतरत होता. भुवईतही नुसता लाल, केसांच्या मुळाशी साचल्यासारखा. नखांच्या कडेला तर चक्क रेघ. मी कागद घेतला आणि कॉलेजात काढायचे तशी आकृती काढली. तिन्ही रंग एकत्र असतील तिथं फुली, नुसता लाल असेल तिथं टिंब. हळूहळू कागदावर टिंबांचा एक चेहरा तयार झाला.

कपाळापाशी मात्र मी अडले. तिथं चार-पाच लाल ठिपके होते, अगदी फिके. बाकी चेहऱ्यावर एवढी पूड बसलेली आणि कपाळ जवळजवळ कोरडं. पूड काही भुवई बघून बसत नाही. मग ते कॅमेऱ्याचे ठिपके, की कपाळाला लागू नये म्हणून तिनं पुसल्यावर उरलेलं कुंकू?

दानेश्वरी परत आली ती थेट माझ्या मागं येऊन उभी राहिली.

"अव्वा, काय करतेस? काही उडवू नकोस हं त्यातलं."

"काही उडवत नाही. हे बघ." मी कागद पुढं केला.

आठ दिवसांत पहिल्यांदाच ती वाकून स्क्रीनकडं बघत होती. खूप वेळ बघून म्हणाली, "कानापाशी बरोबर आहे तुझं. हे परत आणता येईल. भुवयाही." मग कपाळावर बोट टेकवून, "हे सांगता येत नाही. सॉफ्टवेअरला नाही आणि मलाही नाही."

"गिरिजाबाईंना सांगता येईल."

"कुठल्या तोंडानं विचारू? एकदा त्यांची आई पुसली, आता विचारते कशी होती म्हणून?"

"कचरा म्हणणारी मी होते."

"स्लायडर माझ्या हातात होता."

ती आत गेली. जेवताना ह्यांनी कुरिअर ऑफिसबद्दल विचारलं, तर म्हणाली की उद्या संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा आहे. भाकरी अर्धीच खाल्ली. झोपायला जाताना मला म्हणाली, "तो कागद टाकून देऊ नकोस."

वर्षश्राद्ध येत्या रविवारी आहे. मधे तीन दिवस आहेत, आणि ब्रश फिरवायला तिला दोन पुरतात. फोटोत लाल कुठं हवा ते सांगणारी बाई केममध्ये आहे. तिचा नंबर ऑर्डरच्या वहीत आहे. सकाळी सातला त्या कामाला निघतात, असं बोलता बोलता म्हणाल्या होत्या.

मी साडेसहाला फोन करणार आहे. आधी माफी मागेन, ती लांबवणार नाही. मग एकच विचारेन: कारखान्यात पुड्या भरताना चिमाबाई मधून मधून कपाळ पुसून घ्यायच्या का? दानेश्वरी तेव्हा शेजारच्या खोलीत अंथरुणातच असेल. फोन मी स्पीकरवर ठेवेन.