उन्हात धुतलेलं पाणी

आमच्या आबांना कुणी ‘करून दाखव’ म्हटलं की संपलंच. माझे वडील म्हणजे उमेदीची सगळी वर्षं फौजेत गेलेला माणूस. माघार घेतील कशाला?

मी तेव्हा सांगलीच्या एका कॉलेजात पीएच.डी. करत होते. उसाच्या चिपाडाचा कोळसा करायचा, त्यावर टायटॅनियमची पांढरी भुकटी बसवायची आणि ते मिश्रण दूषित पाण्यात टाकून उन्हात ठेवायचं. कोळसा विष धरून ठेवतो, भुकटी उन्हाच्या जोरावर ते फोडते. निदान फोडावं, अशी आशा! एप्रिलच्या सुट्टीत कॉलेजची गच्ची बंद, म्हणून सगळा पसारा घेऊन मी वाळवा तालुक्यातल्या आमच्या घरी आले. पाण्यात उसातलं तणनाशक थेंबानं मोजून मिसळलं, आणि डोळ्यांना फरक दिसावा म्हणून थोडा निळा रंग.

दुपारी तीनपर्यंत निळं पाणी नितळ झालं. मी ते गाळून बरणीत भरलं, ओसरीवर ठेवलं आणि आबांना हाक मारली. “आबा, बघा! गेलं सगळं. पार स्वच्छ!”

अगदी हेच शब्द. गेला होता तो रंग. तणनाशक गेलं का, ते सांगलीतल्या यंत्रावर तपासल्याशिवाय ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. तेवढं सांगायला माझी जीभ झडली होती का?

तेवढ्यात साताऱ्याहून आबांचा पलटणीतला दोस्त आला. मी आत चहा टाकला. बाहेर आबांची फुशारकी सुरू झाली. “आमच्या पोरीनं तणनाशकाचं पाणी उन्हात धुतलंय. मंत्र्याला पाजलं तरी चालंल!”

“लय गप्पा हाणतोस गड्या,” दोस्त हसला. “मग पिऊन दाखव की!”

मी चहा घेऊन बाहेर आले, तेव्हा आबा रिकामं फुलपात्र खाली ठेवून मिशा पुसत होते. बरणी अर्धी झाली होती.

मी किंचाळलेच. ते दोघं आधी हसले. मग माझं तोंड बघून दोस्तानं मुकाट्यानं गाडीची किल्ली उचलली.

सांगलीपर्यंत मी आबांच्या ओठांकडं बघत होते. थेंब थोडेच होते, हे ठाऊक होतं. पण अर्धवट फुटलेलं विष कधीकधी मूळ विषापेक्षा वाईट असतं, हे मीच ऐटीत मुलांना फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आबा मला धीर देत होते. “काय हुत न्हाई गं. उगं घाबरतीस.” देवा, त्यांचा आवाज जड येतोय का, एवढंच मी ऐकत होते.

“पाण्यात काय होतं?” डॉक्टरांनी विचारलं.

“तणनाशक.”

“आता किती उरलंय?”

“माहीत नाही.”

“दुसरं काही तयार झालं असेल?”

“माहीत नाही.”

एवढी वर्षं शिकून माझ्याजवळ एवढंच उत्तर होतं. त्यांनी आवाज खाली आणून घरात काही भांडण झालं का, असंही विचारलं. तणनाशक म्हटलं की आमच्याकडं पहिला संशय तोच.

दुसऱ्या दिवशी उरलेलं पाणी घेऊन मी कॉलेज उघडायला लावलं. यंत्रानं दाखवलं: निळा रंग शून्य, तणनाशक जवळपास होतं तेवढंच. आकडा ऐकून डॉक्टर म्हणाले, प्रमाण कमी आहे, पण मूत्रपिंडावर लक्ष ठेवावं लागेल. तीन दिवस लघवीचे आणि रक्ताचे रिपोर्ट यायच्या आधीच मी प्रयोगशाळेच्या दारात जाऊन उभी राहत होते. चौथ्या दिवशी ते म्हणाले, धोका टळला.

मग हवालदार दवाखान्यात जबाब घ्यायला आले. विषाची केस, जबाब द्यावाच लागतो. “पाणी चांगलं हाय म्हणून कुणी सांगितलं तुमाला?”

मी बोलणार, तोच आबा उठून बसले.

“कुणी न्हाई सायेब. पोरगी दहांदा म्हणाली, आबा, त्याला हात लावू नका. मीच ऐकलं न्हाई.”

हवालदारांनी लिहून घेतलं आणि ते माझ्याकडं वळले. “व्हय का ताई?”

मी म्हणाले, “हो.”

आबांना खोटं बोलताना मी जन्मात पहिल्यांदाच ऐकलं. त्या जबाबाखाली साक्षीदार म्हणून मी सही केली.