साक्ष दिल्यानंतरचे पाच महिने

आयुष्यभर नांदेडच्या शाळेत भूगोल शिकवला. स्वतःविषयी चार ओळीही कधी लिहिल्या नाहीत. या वयात लेखणी उचलण्याच्या धाडसाबद्दल आधीच क्षमा मागते.

लातूरला माझी बहीण राहते, म्हणून उपचार तिथे. डॉक्टरीणबाईंनी बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, अहवाल समोर ठेवला.

"कॅन्सर आहे. काखेपर्यंत पोचलाय. गाठ पहिल्यांदा कधी लागली?"

"पाच महिने झाले."

त्यांनी पेन खाली ठेवले. "मग इतके दिवस काय केलंत, मॅडम?"

मी साक्ष दिली होती. हे त्यांना कसे सांगावे, मला कळेना.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, देवाने केलेले उपकार रविवारी उपासनेत उभे राहून सांगतात; त्याला साक्ष म्हणतात. स्तनात गाठ लागली तेव्हा पाळकसाहेबांनी तेल लावून प्रार्थना केली. त्या आठवड्यात ठणका थांबला. प्रभूने मला बरे केले, असे मी सर्वांसमोर सांगून बसले. गाठ मात्र जागेवरच होती. आता तपासणीला जाणे म्हणजे स्वतःची साक्ष खोटी ठरवणे. एकदा निघाले, तर नणंद रूथताई दारातच म्हणाल्या, "साक्ष देऊन डॉक्टरकडं जाऊन राहिल्या का, वहिनी? मंग भरवसा कुठं ऱ्हायला?"

मी चपला काढून ठेवल्या. दवाखाना दहा मिनिटांवर होता.

शेवटी काखेतही गाठ हाताला लागली, तेव्हा लातूरला गेले. केमोथेरपी, म्हणजे शिरेतून दिले जाणारे औषध, सुरू झाली. दर तीन आठवड्यांनी लातूरची एसटी, मग बाकावरची वाट पाहणे, मग उलट्या. तिसऱ्या खेपेनंतर पाळकसाहेब घरी आले. म्हणाले, "देवाच्या इच्छेबाहेर काही घडत न्हाई, मॅडम."

हे वाक्य मी जन्मभर मान खाली घालून ऐकले आहे. त्या दिवशी ऐकवेना.

"तुमची मोटारसायकल बंद पडली की तुम्ही गॅरेजला नेता, साहेब. तिथं नुसतं तेल लावून थांबत नाही."

आमचे हे हळूच म्हणाले, "चहा घ्या साहेब. केस गेले तिचे, पण जीभ हाय अजून."

देव सार्वभौम आहे, यावर माझा आजही विश्वास आहे. पण दवाखान्यात न जाण्याचा निर्णय त्याने घेतला नव्हता. तो मी घेतला, आणि मला अडवणाऱ्यांनी घेतला. आपली कसूर देवाच्या माथी मारायची आणि वर तिला श्रद्धा म्हणायचे, याचा मला मनस्वी संताप येतो.

पुढच्या रविवारी एस्तेर नावाच्या तरुण शिक्षिकेसाठी तेलाची बाटली उघडली गेली. तिलाही गाठ होती. डोक्याला रुमाल बांधलेली मी उभी राहिले. 

"माझी साक्ष मी परत घेते. मी बरी झाले नव्हते. एस्तेर, प्रार्थना होऊ दे. उद्या दहाला माझ्यासोबत दवाखान्यात चल."

कोणी 'आमेन' म्हटले नाही. रूथताईंनी तोंड फिरवले. पण सोमवारी एस्तेर आली. तिचा अहवाल अजून यायचा आहे. ती वेळेवर गेली, यासाठी मी देवाचे आभार मानते.

गाठ लागूनही ज्यांनी अजून कोणालाच दाखवलेली नाही, ते तुम्ही तपासणीला कधी जाणार?